डावा हात खिशात

मला एका जागी बसवत नाही. दवाखान्यात नंबर यायची वाट बघतानाही मी बाकावर टेकत नाही, भिंतीवरचा फ्यूजबॉक्स कुणी आणि किती वाईट बसवलाय ते बघत फिरते. माझी थोरली बहीण, ताई, अगदी उलटी. खुर्ची मिळाली की ती खुर्चीचाच भाग होऊन जाते. पण नशिबाची गंमत बघा, ताईच्या पोटी माझा स्वभाव जन्माला आला. पोर चालायला म्हणून उठली ती धावतच सुटली. तेव्हापासून घरात तिला सगळे भिंगरी म्हणतात, आणि मी तिची मावशी, म्हणजे तिच्या प्रत्येक उपद्व्यापाचं मूळ कारण.

शाळा संपल्यावर तिने कुठली शाखा घ्यायची यावर ताईकडे बैठक बसली, तेव्हा मी खरं तर नुसती चहाला गेले होते. भाऊजी म्हणत होते कॉम्प्युटर. ताई म्हणत होती कॉम्प्युटर. शेजारच्या काकू, ज्यांचा ह्यात काडीचा संबंध नव्हता, त्याही कॉम्प्युटरच म्हणत होत्या. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं ती जमिनीवर बसून बंद पडलेल्या मिक्सरचा तळ उघडत होती.

"तिला इलेक्ट्रिकलला घाला," मी म्हटलं.

"तू आहेस ती पुरे नाही का?" ताई म्हणाली.

मग मला चेव आला. मी म्हटलं, कॉम्प्युटरला काय, पाणी पाजून चालवतात? विजेचं दार एकच आहे, पण आत शिरलं की दहा दारं उघडतात. वीजघर आहे, रेल्वे आहे, जहाज आहे, हॉस्पिटलातली यंत्रं आहेत, सोलर आहे, चिपा आहेत, आणि ह्यातलं काहीच नको वाटलं तर तुमचं ते सॉफ्टवेअर कुठे पळून जात नाही. भाऊजींनी फक्त एवढंच विचारलं, "आणि शॉक?"

"शॉक घाई करणाऱ्याला बसतो, भाऊजी," असं म्हणून मी बिस्किट मोडलं. फार शहाणपणाचं बोलल्यासारखं वाटलं होतं मला.

ती इलेक्ट्रिकलला गेली. तीन वर्षं पास होत गेली आणि दर सुट्टीत माझ्याकडे येऊन कुरकुरत राहिली. "मावशी, मोटरची गणितं मी झोपेत करीन. पण मोटर उघडलेली एकदाच पाहिलीय, तीही मागून. पुढे सगळी उंच मुलं उभी होती." तिच्या वर्गातलं कोण कुठे निघालंय ते ती मला येता-जाता ऐकवायची. एकीला उच्च दाबाच्या वाहिन्यांवर काम करायचंय. एकजण चिपांच्या मागे लागलाय. एकजण पुढे शिकायला अर्जावर अर्ज टाकतोय. बाकी सगळे सॉफ्टवेअरच्या रांगेत.

"आणि तू?" मी विचारायची.

"मला सगळंच करावंसं वाटतं आणि कशातच बसवत नाही."

मी हसायची. ह्या वयात मीही अशीच होते. आमच्या वर्गातली एक आज जहाजावर असते, एक हॉस्पिटलच्या यंत्रांची तपासणी करते, आणि एक लिफ्ट बनवणाऱ्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे पण स्वतः जिने चढते. म्हणते, आत काय असतं ते मला माहितीय. मी कागदाच्या कारखान्यात आले, आणि आता तिथली वीज माझ्या ताब्यात आहे. भिंगरीला शेवटच्या वर्षाआधीचं प्रशिक्षण हवं होतं, तेव्हा मी तिला माझ्याकडेच घेतली. घरी मावशी, कारखान्यात मॅडम, असं ठरलं.

पहिल्या दिवशी मी तिला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली म्हणजे कुलूप. आमच्याकडे यंत्राच्या कामाला हात लावण्याआधी त्याच्या पॅनेलचा दांडा खाली ओढून वीज तोडतात, आणि दांड्याला एक पोलादी पंजा अडकवतात. पंज्याला रांगेने भोकं असतात. कामावर जाणारा प्रत्येकजण त्यात आपापलं कुलूप घालतो आणि किल्ली आपल्या खिशात ठेवतो. काम झालं, माणूस बाहेर आला, की ज्याचं त्याने काढायचं. एक जरी कुलूप राहिलं तरी दांडा वर जात नाही. दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावायचा नाही, मालकाने सुद्धा नाही. कुलूप आहे म्हणजे माणूस आत आहे.

दुसरी गोष्ट, डावा हात खिशात. जिवंत तारेजवळ एकाच हाताने काम करायचं, दुसरा खिशात घालून ठेवायचा. दोन्ही हात पुढे गेले की वीज ह्या हातातून त्या हातात जाते, आणि वाटेत छाती लागते. भिंगरी लगेच हात खिशात घालायला गेली तर खिसाच नाही. बायकांच्या पँटला खिशाची नुसती शिवण असते, खिसा नसतो. मी तिला त्याच संध्याकाळी पुरुषांच्या विभागातून दोन पँटी घ्यायला लावल्या. कोपरापर्यंत हात जाईल असे खिसे. ती आरशात बघून म्हणाली, "मावशी, ह्यात तर सगळा संसार मावेल."

तिला सवय इतकी लागली की ताईकडे जेवतानाही तिचा डावा हात खिशात. ताई माझ्यावर डाफरायची.

तर त्या दिवसाची गोष्ट. लगद्याच्या मोठ्या टाकीची मोटर बदलायची होती. कागदाचा लगदा एका टाकीत सतत घुसळत ठेवावा लागतो. आत माणसाहून उंच पाती असतात, मोठ्ठी रवीच म्हणा. ती थांबली की लगदा तळाशी बसतो, आणि बसला की मग पहार घेऊन फोडावा लागतो. म्हणून काम सकाळी लवकर सुरू केलं. पंज्यात तीन कुलपं पडली. माझं, आमच्या वायरमनकाकांचं आणि भिंगरीचं. आमची दोघांची पितळी, तिचं लाल, प्रशिक्षणार्थींचं असतं तसं, त्यावर तिचा फोटो लावलेला.

मोटर बसली. हॉलच्या खालून केबलचं भुयार जातं. त्यातल्या जोडपेट्या उघडून तपासायच्या आणि झाकणं लावून घ्यायची, एवढंच राहिलं. ते काका आणि भिंगरी करत होते. मी वर मोटरपाशी होते. थोड्या वेळाने काका वर आले, म्हणाले, "शेवटचं झाकण ती लावतेय. येईल मागोमाग." त्यांनी आपलं कुलूप काढलं. मी माझं काढलं. आणि आम्ही तिची वाट बघत राहिलो.

आधी मी वैतागले. मग काकांना खाली पाठवलं. ते एकटेच वर आले.

"नाहीये खाली."

"नाहीये म्हणजे?"

"शेवटच्या पेटीपाशी तिची बॅटरी पडलीय. झाकण लावलंय, पण तीनच स्क्रू. चौथा तिथे खाली आहे."

 बॅटरी टाकून ती अंधारात कुठे जाईल? आणि चौथा स्क्रू न लावता वर यायला ती काही कामचुकार नव्हती. मी फोन लावला. बंद. कपडे बदलायच्या खोलीत बघितलं, कँटीनमध्ये बघितलं, छतावर माणूस पाठवला. फाटकावरच्या पहारेकऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "एक मुलगी गेली बाहेर. पण ती पांढऱ्या शर्टातली होती, ऑफिसातली असेल. आपल्या निळ्या गणवेशातली नव्हती."

"चेहरा बघितलास का?"

"मॅडम, पाठमोरी होती. पळत होती."

इथे आमचे उत्पादनप्रमुख आले. कारखान्यात त्यांना सगळे घाईसाहेब म्हणतात, त्यांच्या मागे अर्थात. माणूस वाईट नाही. लगदा बसला तर वरून त्यांनाच बोलणी बसतात, त्यामुळे त्यांचं डोकं कायम टाकीत बुडालेलं असतं.

"मॅडम, दांडा कधी वर जाणार?"

"कुलूप आहे अजून."

"कुणाचं?"

"माझ्या ट्रेनीचं."

"ती गेली की बाहेर. पहारेकरी सांगतोय."

"तो पांढरा शर्ट सांगतोय. ती निळ्यात होती."

त्यांनी घड्याळ बघितलं. ते बोलताना नेहमी घड्याळाकडेच बघतात, समोरचा माणूस मनगटावर बांधला असल्यासारखे. म्हणाले, "नियमात सोय आहे. विभागप्रमुखाने सही केली की कुलूप कापता येतं."

सोय होती. विभागप्रमुख मीच. नियम असा होता की, कुलपाचा मालक कामाच्या जागेत नाही अशी माझी खात्री झाली, तर मी सही करायची आणि कुलूप कापायचं. कापायची मोठी कात्री माझ्याच कपाटात होती. म्हणजे आता सगळं एकाच गोष्टीवर येऊन थांबलं होतं. ती आत नाही, हे मी म्हणायचं. ती आत असली, हात पेटीत असला, आणि मी म्हटलं नाहीये, तर चारशे पंधरा व्होल्ट तिच्या अंगातून जाणार होते.

मी म्हटलं, "आधी पुन्हा शोधू."

मी काकांसह खाली उतरले. भुयारात ताठ उभं राहता येतं, पण दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकत नाहीत. दोन्ही बाजूंना केबली, एकीवर एक. आम्ही हाका मारत टोकापर्यंत गेलो. तिची बॅटरी अजून जळत होती, पिवळी पडलेली. मी ती उचलली नाही. का कोण जाणे, उचलली तर ती परत आल्यावर तिला सापडणार नाही असं वाटलं. तो स्क्रू मात्र मी उचलून लावला, कारण माझ्याच्याने बघवेना.

वर आले तर घाईसाहेब पॅनेलसमोर उभे. "सापडली?"

"नाही."

"मग नाही आत."

"सापडली नाही, एवढंच कळलंय."

"मॅडम, ह्यात फरक काय?"

"फरक सांगायला मला वेळ नाही," मी म्हटलं आणि ताईला फोन लावला.

हा फोन मी इतका वेळ टाळत होते. आईला काय विचारणार? तुझी पोर सापडत नाही, तुझ्याकडे आहे का? मी आवाज शक्य तितका साधा केला. "ताई, भिंगरी घरी आलीय का गं?"

 पलीकडून ताईचा आवाज, अगदी मधात बुडवलेला. "भिंगरी? छे! तुझ्याकडेच असेल की. कामात असेल बिचारी. का गं, काही झालं का?"

"नाही, नाही. सहजच."

फोन ठेवला आणि मी पॅनेलपुढे येरझाऱ्या घालायला लागले. ताई लहानपणापासून खोटं बोलताना गोड होते. आईच्या हातून मार वाचवताना, भाऊजींना भेटायला जाताना, नेहमी हाच आवाज. म्हणजे भिंगरी कुठेतरी गेलीय आणि ताईला माहितीय. की मला आता जे हवंय तेच ऐकू येतंय? ताई गोड तर नातेवाइकांशीही बोलते. फोनवर तर जास्तच. मला परत फोन करून सरळ सांगता आलं असतं, की ताई, तिचं कुलूप लागलंय, ती भुयारात असेल. पण मी फोन खिशात टाकला. तिला ह्या शाखेत घालणारी मी होते. चहाला गेले होते आणि पोरीचं आयुष्य ठरवून आले होते.

"कोण होतं?" घाईसाहेबांनी विचारलं.

"तिची आई."

"काय म्हणाली?"

"माझ्याकडे आहे म्हणाली. पण मला वाटतं खोटं बोलतेय."

"मग झालं की! गेलीय कुठेतरी. आईला माहितीय. करा सही."

"माझ्या बहिणीच्या गोड आवाजावर मी चारशे पंधरा व्होल्ट सोडणार नाही."

ती माझी भाची आहे हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी घड्याळावरची नजर उचलली, तेवढं त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. मग हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, लगदा बसतोय. मला वर फोन करावा लागेल. तिकडून ‘कापा’ असं आलं, तर मी कापणार. कात्री फक्त तुमच्याच कपाटात नाही."

ते फोन करायला वळले. मला त्यांचा राग आला नाही, भीती वाटली. वरच्या माणसाला ना भुयार दिसतं, ना बॅटरी. त्याला टाकी दिसते. आणि भुयाराची एक फांदी अजून बघायची राहिली होती. जुन्या बंद यंत्राकडे जाणारी, इतकी बुटकी की रांगत जावं लागतं. तिकडे जायचं भिंगरीला काही कारण नव्हतं. पण कारण नसताना कुठेही घुसणं हा तिचा आणि माझा घरचा धंदा.

मी खिशातून माझं पितळी कुलूप काढलं, तिच्या लाल कुलपाशेजारच्या भोकात घातलं आणि दाबलं. खट आवाज झाला. घाईसाहेब फोन कानाला तसाच धरून बघत राहिले.

"हे काय?"

"आता मी आत चाललेय. कापायचीच असतील तर दोन कापा. एक माझं आहे, आणि मी आत आहे हे तुम्हाला माहितीय."

काका म्हणाले, "मी जातो मॅडम, तुमचे गुडघे..."

"काका, तुम्ही इथे उभे राहा. पॅनेलपुढे. बस."

किल्ली खिशात टाकून मी खाली उतरले.

बुटक्या फांदीत मी गुडघ्यांवर शिरले. आतली हवा जुन्या गोणपाटासारखी. "भिंगरी!" मी हाक मारली. कारखान्यात मी तिला ह्या नावाने कधी हाक मारली नव्हती. तिनेच घातलेली अट होती, तिथे मॅडम आणि ट्रेनी, लोक हसतील. आता मी घसा फाडून भिंगरी, भिंगरी ओरडत होते, आणि वर जाळीतून सगळ्या हॉलला ते ऐकू जात होतं. जाऊ दे. मी देवाला मानते की नाही हे मला स्वतःलाच नीट माहीत नाही, पण तिथे मी कुणाशी तरी सौदा करत होते. ही पोर मला धड दे, मी तिला परत ह्या लायनीचं नावही काढू देणार नाही. बसू दे तिला थंड खोलीत, पडद्यावरची बटणं निळ्याची हिरवी करत. लग्नात भेटू, सुट्टीत भेटू. मला काही शिकवायचं नाही, काही सिद्ध करायचं नाही, कुणाच्या पोरीला कशात घालायचं नाही.  फांदी संपली. समोर विटा. तिथे ती नव्हती. आणि मला काही बरं वाटलं नाही. ती इथे नाही, मग कुठे आहे, एवढंच डोक्यात गरगरत राहिलं.

मी उलटी रांगत मागे निघाले तेव्हा वरून आवाज आला.

"मावशी!"

मला वाटलं भास.

"मावशी, मी इथे आहे. वर आहे. तू बाहेर ये."

तिथेच, विटांना पाठ लावून मी बसले. ज्या बाईला आयुष्यात एका जागी बसवत नाही ती त्या घाणीत पाय पसरून बसली आणि रडली. मग डोळे पुसले, हात काळे आहेत हे विसरून, आणि बाहेर आले.

शिडीच्या तोंडाशी ती उभी होती. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं, केस चापूनचोपून बांधलेले, घामाने कपाळाला चिकटलेले. खाली मात्र तीच खोल खिशांची कामाची पँट. उजव्या हातात किल्ली, दोन बोटांत धरलेली, पेटती काडी धरावी तशी.

"कुठे मेली होतीस?" मी ओरडले. हे शब्द तोंडातून गेले आणि माझाच जीव चरकला.

"मुलाखत होती." तिला अजून दम लागलेला होता. "सॉफ्टवेअरची. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही. झाकण लावता लावता वेळ बघितली आणि... स्क्रू, बॅटरी तिथेच टाकून पलीकडच्या शिडीने वर आले, शर्ट बदलला आणि पळाले."

"आणि कुलूप?"

"लक्षातच नाही राहिलं गं. तिथे फोन काढून घेतात, काउंटरवर ठेवतात. सगळे ओळीने बसलो होतो. माझं नाव पुकारलं. मी उभी राहिले, आणि नेहमीसारखा हात खिशात गेला. डावा." तिने हात दाखवला, जणू तो दुसऱ्याच कुणाचा होता. "किल्ली हाताला लागली. मी नाव पुकारणाऱ्या बाईंना म्हटलं, माझं कुलूप लागलेलं आहे, मला जायला हवं. त्या म्हणाल्या, घराचं का?"

काकांना हसू आलं. त्यांनी ते खोकल्यात ढकललं.

"मग फोन नाही करायचा?"

"तुला किती केले! लागत नव्हता."

मी भुयारात होते. भुयारात फोन लागत नाही.

"मग आईला केला. आई म्हणाली, मावशीचा फोन येऊन गेला, पण काळजी करू नकोस, मी काही म्हणजे काही सांगितलं नाही."

ताईचा तो अभिमान मला इथूनही ऐकू आला.  तिच्याशी नंतर बोलायचं होतं, आणि पुष्कळ बोलायचं होतं.

"अहो, काढा आता!" घाईसाहेब म्हणाले. फोनवर त्यांना काय हुकूम मिळाला होता हे मी तेव्हा विचारलं नाही, आजही विचारलेलं नाही. कात्री त्यांच्या शेजारी टेबलावर पडलेली होती, एवढं मला दिसलं.

भिंगरी पॅनेलकडे गेली. हात पुसला, किल्ली घातली, लाल कुलूप काढलं. स्वतःच्याच फोटोकडे एकदा बघितलं. मग तिने पंज्याकडे पाहिलं आणि जागच्या जागी थांबली. शेजारच्या भोकात पितळी कुलूप होतं.

"हे तुझं का आहे?" तिने विचारलं. आणि मग, कुणी काही सांगण्याआधीच, तिला कळलं. माझे गुडघे, माझा चेहरा, टेबलावरची कात्री असं एकेक बघत गेली, आणि तिचं तोंड लहान मुलीसारखं वाकडं झालं.

"ती नोकरी घे," मी म्हटलं. "उद्या जा परत. मी बोलते त्यांच्याशी, चूक माझी होती म्हणते. ती घे नोकरी. मला वाईट वाटणार नाही. खरंच नाही."

"मावशी, नोकरीचं मागून. आधी कुलूप काढ." तिने नाक ओढलं. "लगदा बसतोय."

घाईसाहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू त्यांना मुलगी असती तर अशीच हवी होती.

मी किल्ली काढली. ती कुलपाच्या तोंडाशी नेली आणि ती आत जाईना. बाजूच्या पत्र्यावर टकटक करत राहिली. इतकी वर्षं हे कुलूप मी न बघता उघडतेय. हाताला मी मनातल्या मनात शिव्या दिल्या. दुसऱ्या हाताने मनगट धरलं, तर दोन्ही थरथरायला लागले.  लगदा बसत होता.

भिंगरीचा हात पुढे आला. माझ्या बोटांपासून वीतभरावर. किल्ली घेऊन, फिरवून, मला मोकळं करायला आलेला.

मी तिला अडवणार होते. पण त्याची गरज पडली नाही. माझं कुलूप होतं. तिने हात मागे घेतला, खिशात खोल घातला, आणि माझ्या शेजारी उभी राहिली.

"सावकाश," ती म्हणाली. "मी थांबते."